चाकोरी

पहाटे पाचला उत्सव चौकात
चार गाड्या, सात माणसं, एक थर्मास.
हेल्मेट काखेत धरून ठोसरांचा निमिष म्हणाला,
"माणसानं कधीतरी चाकोरीबाहेर जायलाच हवं, नाही का?"
ट्रेलरवर त्याची एटीव्ही, कोरी, पिवळीधमक,
सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.
परकारांनी उत्तर दिलं नाही.
ते टायरपाशी उकिडवे बसले होते.

ओव्याच्या जुन्या खाणीमागे डांबर संपतं.
तिथं परकार सगळ्यांना हवा सोडायला लावतात.
बत्तीसची अठरा.
सोळा चाकं सुस्कारा टाकतात.
"फुगलेलं चाक ओरबाडतं," ते म्हणतात,
"सैल चाक नुसतं टेकतं."
तीस वर्षं ह्या माणसानं ह्याच खाणीत टिपर चालवला,
डोंगर ब्रासब्रासानं खाली उतरवला.
खाली दिसतात ते सेक्टर, ते वीस-वीस मजले,
माझा कोपरखैरण्यातला दोन खोल्यांचा ब्लॉक धरून,
सगळ्यांच्या पायाभरणीत त्यांचा एकेक हौदा आहे.
आता ते दगडावर चाक असं ठेवतात
जसं झोपलेल्याच्या उशाशी काहीतरी ठेवावं.

भाद्रपद नुकताच सरलेला. तेरडा अजून टिकून.
पहिल्या चढाला मधोमध डबकं, गाडीएवढं.
कुणीतरी त्याला डावीकडून वळसा घातला होता,
तो वळसा चिखलला म्हणून दुसऱ्यानं आणखी डावीकडून,
तिसऱ्यानं त्याहून.
एका पायवाटेचे असे पाच पदर सुटलेले,
आणि पाचवा पदर बुधी हिलमच्या नाचणीत.

निमिष सहावा काढणार
तेवढ्यात परकार आडवे उभे राहिले.
"मधून."
"डबक्यातनं?"
"डबक्यातनं. आधी काठी घालून खोली बघ.
चाक जागच्या जागी फिरू देऊ नको.
आहे त्या चाकोरीत चाल."
चाकोरीबाहेर पडायला आलेला पोरगा
कमरेपर्यंत माखून चाकोरीतून गेला,
आणि खरं सांगतो, त्याला ते आवडलं.

मी काही बोललो नाही.
मला वरचं ऐनाचं झाड दिसत होतं.
तीन वर्षांपूर्वी अडकलो होतो, अंधार पडत होता,
विंचची उघडी तार त्याच्या बुंध्याला गुंडाळली
आणि बटण दाबलं.
गाडी निघाली. टाळ्या पडल्या. व्हिडिओ आहे माझ्याकडे.
सालीत बोटभर खोल एक कडं उरलं,
गोल, सबंध, कुठेही न तुटलेलं.
पुढच्या पावसाळ्यात पालवी आली
ती फक्त त्या कड्याच्या खालून.
ऐन. ऐन उमेदीत.
आता माझ्या डिकीत हातभर रुंद पट्टा असतो,
त्याखाली घालायला दोन गोणपाटं.
त्या झाडाला ते काय कामाचं.

बुधी बांधावर उभी होती, कमरेला कोयता.
निमिषनं हात केला, तिनं केला नाही.
"तुमी जाता," ती परकारांना म्हणाली,
"मंग तुमच्या मागनं पानी येतं.
त्याला बिरेक नाय."

त्या दिवशी माथा राहिला.
दुपार होईस्तोवर आम्ही चाकांच्या रेघांवर
आडवे दगड लावत होतो,
पाणी दोन्हीकडे फुटावं म्हणून.
"हितं नाय, वर," एवढंच ती सांगत राहिली,
दोनदा लावलेले काढायला लावले.
परकार मधेच थांबले, एक दगड तोलत,
"पहिल्यांदाच," म्हणाले,
"ह्या डोंगरावर दगड ठेवतोय."

संध्याकाळी सोसायटीच्या नळावर
गाडी धुवायला घेतली.
मडगार्डच्या आत माती, तांबूस, घट्ट,
नाचणीचं एक रोप मुळासकट.
पाईप हातात. वॉचमन बघतोय.
नळ बंद केला.
खरवडून माती गोणपाटात भरली,
तोंड बांधून डिकीत ठेवली, पट्ट्याशेजारी,
पुढच्या रविवारसाठी.
कुणाला सांगितलं तर हसतील.
परकार हसणार नाहीत.
ते विचारतील, किती ब्रास?